शिवणीतील माया

मराठी शिंप्यांच्या बोलीत एक शब्द आहे. त्याच्याकडे आपल्या भाषापंडितांचे पुरेसे लक्ष गेले असावे, असे आम्हांस वाटत नाही. वाढत्या वयाच्या मुलाचा सदरा बेतताना शिंपी बाजूच्या शिवणीत बोट-दीड बोट कापड अधिक सोडतो. ते बाहेरून दिसत नाही, आत दुमडून राहते. दोन वर्षांनी मूल अंगाने भरले की शिवण उसवायची आणि तेवढे कापड बाहेर घ्यायचे. ह्या राखून ठेवलेल्या कापडाला 'माया' म्हणतात. 'आत माया आहे का हो?' असे गिऱ्हाईक विचारते आणि शिंपी शिवण उलटून दाखवतो. ज्या शब्दाने आईचे प्रेम सांगावे आणि वेदान्त्यांनी जगाचा भास सांगावा, तोच शब्द शिंप्याने दीड बोट कापडासाठी उचलला. आमचा समज असा की, तिघांमध्ये शिंप्यानेच तो अधिक नेमकेपणाने वापरला आहे.

ह्या शब्दाचा विचार करण्यास निमित्त झाले ते चामड्याच्या एका जुन्या जॅकेटचे. चामड्यात माया नसते, किंवा असते ती नावापुरती. त्यामुळे कापडाच्या बाबतीत जो प्रश्न शिंप्याच्या टेबलावर सुटतो, तो चामड्याच्या बाबतीत धर्मगुरूकडे आला. दुसऱ्याच्या अंगासाठी बेतलेली आणि आपल्याला वारशाने मिळालेली वस्तू आपल्या अंगाला बसत नसेल, तर ती बदलण्याचा आपल्याला अधिकार आहे काय? की ती आहे तशीच सांभाळणे हेच आपले कर्तव्य?

बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेड राजा तालुक्यात साखरखेर्डा हे गाव आहे. इतिहासाच्या पुस्तकांतून ते १७२४ सालच्या लढाईमुळे ओळखीचे आहे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये निजामाने मुबारिझखानाचा येथे पराभव केला आणि दख्खनमध्ये त्याची स्वतंत्र सत्ता उभी राहिली. विजयाच्या आनंदात त्याने गावाचे नाव फत्तेखेर्डा असे ठेवले. ते नाव गावाला बसले नाही. लोकांनी ते केव्हा काढून ठेवले हे कोणाला कळलेही नाही, आणि साखरखेर्डा साखरखेर्डाच राहिले.

ह्या भागातील एका कॅथलिक कुटुंबातले आजोबा धर्मशिक्षक होते. अशा माणसाला आपल्याकडे गाव 'मास्तर' म्हणते, तसे त्यांनाही म्हणत. १९५५ साली अमरावती धर्मप्रांत स्थापन झाल्यानंतरच्या काळात, रस्ते धड नसताना, एक युरोपीय मिशनरी फादर फटफटीवरून ह्या पट्ट्यातील वस्त्या पिंजून काढीत. मास्तर पाठीमागे बसत आणि पुढे जाऊन लोकांना गोळा करीत. म्हातारपणी फादर मायदेशी परतले, तेव्हा अंगातले चामड्याचे जॅकेट त्यांनी मास्तरांना दिले. फादर धिप्पाड, मास्तर किडकिडीत. मास्तरांनी ते कधी घातले नाही. पेटीत डांबराच्या गोळ्या घालून ठेवले. दर पावसाळ्यानंतर त्यावरची बुरशी फडक्याने पुसून, सावलीत वारा देऊन ते पुन्हा पेटीत जाई. मास्तर गेले तरी हा क्रम चालू राहिला.

आता मास्तरांचा सव्वीस वर्षांचा नातू मोटारसायकलने रोज मेहकरला कामावर जातो. हिवाळ्यात पहाटेचा वारा छातीत भरतो. त्याने पेटी उघडली, जॅकेट घातले, आणि ते कमरेशी इतके सैल निघाले की वाऱ्याने पोत्यासारखे फुगावे. बाजूंनी आत घ्यावे, असा त्याचा विचार. त्याच्या मोठ्या काकांचा विचार असा की, फादरांच्या कोटाला कात्री लावणे हे पाप नसेल तर पापाच्या शेजारचे काही तरी आहे. दोघेही आमच्याकडे आले, अर्थात वेगवेगळ्या दिवशी.

प्रथम काकांची बाजू घेऊ, कारण ती वाटते तितकी दुबळी नाही. संतांच्या अवशेषांविषयी ख्रिस्तसभेचे कडक नियम आहेत. संताने वापरलेले वस्त्रही त्या आदराच्या कक्षेत येते. ते फादर संत म्हणून घोषित झालेले नाहीत, तेव्हा तो नियम येथे लागत नाही. परंतु नियम लागत नाही म्हणून भाव खोटा ठरत नाही. त्या जॅकेटच्या कोपरांवर ज्या वळ्या पडल्या आहेत, त्या ह्याच रस्त्यांवर हँडल धरून पडल्या आहेत. चामडे घालणाऱ्याचे अंग घेते, कापड घेत नाही. ती वळी म्हणजे एका माणसाच्या वीस-पंचवीस वर्षांच्या श्रमाची सहीच होय. ती पुसली जाऊ नये असे काकांना वाटते, ह्यात भाबडेपणा नाही.

दुसरे असे की, चामड्यावर केलेले काम परत फिरवता येत नाही. हे आम्ही एका चर्मकार बांधवाकडून समजून घेतले. कापडाची शिवण उसवली तर सुईची छिद्रे दोन धुण्यांत मिटतात, कारण धागे पुन्हा एकमेकांजवळ येतात. चामडे विणलेले नसते. त्यात आरी एकदा गेली की भोक कायमचे. म्हणून चामडे जोडताना टाचण्या टोचीत नाहीत, चिमट्यांनी धरतात. टाकेही लांब लांब घालतात. दाट घातले तर पोस्टाच्या तिकिटांच्या कागदासारखी भोकांची ओळ तयार होते आणि चामडे नेमके तेथेच फाटते. शिवण बसवण्यासाठी त्यावर गरम इस्त्री ठेवली तर ते आकसते, म्हणून रबर सोल्युशन लावून हातोडीने ठोकून बसवतात. जुन्या जॅकेटचे चामडे तर आतून कोरडे झालेले असते. तेल-मेण देऊन, दोन-चार दिवस मुरवून, मगच हात लावायचा. आणि घट्ट करणे जमले तरी सैल करणे जवळजवळ अशक्य, कारण शिवणीत धरण्यापुरते चामडे तेवढे असते.

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना कोणत्याही कृत्याची परीक्षा तीन अंगांनी करावी असे आम्हांस शिकवले गेले. कृत्य स्वतः काय आहे, करणाऱ्याचा हेतू काय आहे आणि परिस्थिती काय आहे. स्वतःच्या मालकीचे जॅकेट आत घेणे हे कृत्य निर्दोष आहे. हेतू थंडी-वाऱ्यापासून रक्षण हा आहे. थोडी ऐटही असेल. अशा जॅकेटचा, छातीवर तिरक्या चेनचा, प्रसिद्ध नमुना १९२८ साली न्यूयॉर्कच्या आयर्व्हिंग शॉट ह्यांनी मोटारसायकलस्वारांसाठी काढला आणि १९५३ साली मार्लन ब्रँडोने तो चित्रपटात घातला. तेव्हापासून ऐट त्याला चिकटली ती आजतागायत. परंतु सव्विसाव्या वर्षी ऐट मुळीच नसावी असे सांगणारे नीतिशास्त्र आम्हांस माहीत नाही. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी तर वेषाच्या बाबतीत अतिरेक हा जसा दोष मानला, तसाच गबाळेपणाही दोषच मानला आहे. राहिली परिस्थिती, आणि येथेच सगळे वजन आहे. जे कृत्य परत फिरवता येते, त्यात घाई क्षम्य असते. जे फिरवता येत नाही, त्यात ती नसते. घरात भांडण झाले तर दुसऱ्या दिवशी बोलता येते. वाटणीत वडिलांचे झाड तोडले तर दुसऱ्या दिवशी काहीच करता येत नाही.

ह्याच संत थॉमसनी कायद्यातील बदलाविषयी एक फार शहाणी गोष्ट सांगितली आहे. कायदा बदलल्याने तो सुधारला, तरी केवळ बदल झाला एवढ्यानेच काही नुकसान होते. कारण कायद्याचे बळ बरेचसे लोकांच्या सवयीत असते, आणि बदलाने ती सवय मोडते. म्हणून होणारा लाभ ह्या नुकसानीहून स्पष्टपणे मोठा असेल तेव्हाच बदल करावा. ते बदलाच्या विरुद्ध नाहीत. बदलाची किंमत आधी मोजा, एवढेच त्यांचे सांगणे.

किंमत न मोजता कात्री चालली तर काय होते, ह्याचे उदाहरण आम्हां धर्मगुरूंच्याच अंगावर आहे. मिस्सेच्या वेळी धर्मगुरू सर्वांत वर जे वस्त्र घालतो, त्याला लॅटिनमध्ये 'कासुला' म्हणत. कासुला म्हणजे लहानसे घर. प्राचीन काळी ते खरोखरच घरासारखे होते, घंटेच्या आकाराचे, सगळे अंग झाकणारे. पुढे भरतकाम वाढले, कापड जड आणि ताठ झाले, हात उचलणे कठीण पडू लागले. मग बाजू कापल्या. पुढच्या पिढीने आणखी कापल्या. सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमियो ह्यांना वस्त्राची रुंदी अमुक मापाहून कमी नसावी असे लिहून द्यावे लागले. तरी कात्री थांबली नाही. शेवटी पुढे एक फळी आणि मागे एक फळी, असा त्याचा आकार झाला. जुनी, सुंदर, रुंद वस्त्रेसुद्धा नव्या रिवाजाप्रमाणे छाटली गेली. विसाव्या शतकात पुन्हा रुंद वस्त्राची आवड निर्माण झाली, तेव्हा छाटलेल्यांना त्यांच्या बाजू परत देणे कोणालाही शक्य नव्हते. नवी शिवावी लागली. प्रत्येक कापणाऱ्याचे कारण त्याच्यापुरते खरे होते, हात खरोखरच अवघडत होते. पण पुढे येणाऱ्याचे माप वेगळे असेल हे कोणाच्या मनात आले नाही.

इतके सारे काकांच्या बाजूने मांडल्यावर वाचकांना वाटेल की आम्ही जॅकेट पेटीत ठेवण्याचा सल्ला दिला. तसे नाही. पेटीतले चामडे जिवंत राहत नाही. त्याला अंगाची ऊब आणि हाताचे तेल लागते. न वापरलेले चामडे घडीवर तडकते, शिवणीचा धागा कुजतो. मास्तरांच्या पेटीत फादरांची आठवण सुरक्षित आहे असे जे घराला वाटत होते, ते खरे नव्हते. दर पावसाळ्यागणिक ती थोडी थोडी संपत होती. आपल्या आज्यांनी हे बरोबर ओळखले होते. जुनेर झाले की त्याची गोधडी होई, आणि ज्या लुगड्यात आईला पाहिले त्याच्याच उबेत नातवंडे झोपत. लुगडे जपून ठेवले नाही म्हणून आजीचा अनादर झाला, असे कोणी म्हटल्याचे आम्ही ऐकले नाही.

जुन्या करारात न बसणाऱ्या पोषाखाची एक कथा आहे. गल्याथाशी लढायला निघालेल्या दावीदाला शौल राजाने आपले चिलखत घातले. दावीद दोन पावले चालला आणि त्याने ते उतरवून ठेवले; सवय नाही, म्हणाला. त्याने राजाचे चिलखत छाटून घेतले नाही, आणि न बसणारे घालून लढायलाही गेला नाही. उसने होते, परत केले. काकांनी ही कथा आम्हांस ऐकवली. परंतु नातवाची गोष्ट निराळी आहे. ते जॅकेट उसने नाही, दिलेले आहे; आणि देणाऱ्या फादरांनी मास्तरांची किडकिडीत शरीरयष्टी रोज पाठीमागे अनुभवून मगच ते दिले होते. ते जसेच्या तसे बसणार नाही, हे त्यांना ठाऊक असणारच. आम्हांस त्यापेक्षा हन्नाची गोष्ट जवळची वाटते. शमुवेलाला मंदिरात ठेवून आलेली ही आई दर वर्षी त्याच्यासाठी एक लहानसा झगा शिवून नेत असे. न पाहिलेल्या लेकराचे वर्षभरातले वाढलेले माप तिने मनाशी कसे धरले असेल? तिने त्या झग्यांत माया नक्की सोडली असणार. (तिला पुढे तीन मुलगे आणि दोन मुली झाल्या. शमुवेलाचे आखूड पडलेले झगे त्यांच्या अंगावर गेले असावेत असा आमचा तर्क. शास्त्र ह्याविषयी काही सांगत नाही.)

तेव्हा बदल करावा. पण माप कोणते धरावे? नातू आरशापुढे उभा राहून जॅकेट मुठीत आवळून दाखवीत होता. आम्ही त्यास गाडीवर बसवले. आरशापुढे जी बाही तळव्यावर येते, ती हँडल धरल्यावर मनगटावर बरोबर बसते. उभे असता जी पाठ लांब वाटते, ती पुढे वाकल्यावर कमर झाकते. कोटाच्या कापणाऱ्याने हे सारे जाणून ते बेतले होते. अंगावर सैल जॅकेट वाऱ्याने फडफडते आणि पडल्यावर सरकून कातडी उघडी टाकते, म्हणून ते छातीला घट्टच हवे, हेही खरे. परंतु जे माप उभ्याने चुकीचे वाटत होते, त्यातले निम्मे बसल्यावर योग्य ठरले. वस्तू ज्या कामासाठी आहे ते काम करताना तिचे माप घ्यायचे, हे आम्ही ग्रंथांतून शिकवीत आलो; येथे ते एका स्टँडवर लावलेल्या गाडीवर दिसले. बाह्यांना हात लावायचा नाही, एवढे तेथेच ठरले.

खरी अडचण मात्र अद्याप पुढेच होती. काम कोणाकडे द्यायचे? गावातल्या शिंप्याने नकार दिला. यंत्राची सुई मोडते, म्हणाला. काम येत होते ते बाजारात छत्रीखाली चपला शिवणाऱ्या चर्मकाराला. त्याचे आजोबा मोटा शिवीत. विहिरीवर इंजिने येण्यापूर्वी ह्या भागातले मळे चामड्याच्या मोटेवर भिजत, आणि मोटेची शिवण पाणी धरणारी लागते. ज्याच्या घराण्याने पाणी धरणारी शिवण घातली, त्याला वारा अडवणारी शिवण अवघड नाही. नातू त्याच्याकडे जाणार हे कळल्यावर काका दुसऱ्यांदा आमच्याकडे आले, आणि तेव्हा त्यांच्या मनातले खरे बाहेर आले. 'फादर, आमच्या बापानं ज्या कातड्यापासून हात सोडवला, त्याच दारी हे पोरगं आता कोट घेऊन चाललं.'

ह्या घराण्याच्या मागच्या पिढ्यांना गावातली मेलेली ढोरे ओढावी लागत. ते गावात सर्वांना ठाऊक आहे आणि घरात कोणी उच्चारीत नाही. बाप्तिस्म्याने त्यांना नवे नाव दिले, फादरांनी शाळा दिली, मास्तरांनी ताठ मान दिली. कायद्याने आमच्या अशा बांधवांना अनुसूचित जातींच्या सवलती नाहीत. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशात पुढे १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध समाविष्ट झाले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. सवलतींच्या कागदावर जात नाही, काळजात मात्र ती आहे, आणि चामड्याचा वास आला की ती जागी होते. काकांच्या दुःखाला आम्ही हसणार नाही. ज्याच्या बापजाद्यांनी ते ओझे वाहिले नाही, त्याने त्याविषयी सल्ला देताना आवाज खाली ठेवावा.

तथापि बोलणे भाग होते. युरोपातल्या एखाद्या जनावराचे कातडे फादरांच्या अंगावरून आले म्हणून ते डांबराच्या गोळ्यांत, आणि साखरखेर्ड्याच्या बाजारात तेच कातडे हाती धरणारा मनुष्य चार हात दूर, हा हिशेब आम्हांस मान्य होण्यासारखा नाही. जॅकेटचा आदर आणि ते शिवू शकणाऱ्या हातांचा अनादर एका पेटीत राहू शकत नाहीत. प्रेषितांच्या कृत्यांत संत पेत्र यापो गावी बरेच दिवस राहिला तो शिमोन नावाच्या माणसाकडे. मराठी पवित्र शास्त्र त्याला सरळ 'चांभार' म्हणते. मेलेल्या जनावरांशी रोजचा संबंध असल्याने यहुदी समाजात तो धंदा हीन मानला जाई. त्याचे घर समुद्रकाठी होते. आणि त्याच घराच्या धाब्यावर, भूक लागली असता, पेत्राला ते दर्शन झाले: देवाने जे शुद्ध केले त्याला अशुद्ध म्हणू नकोस. ते जेरुसलेमच्या मंदिरात घडले नाही. कमावायला घातलेल्या कातड्यांच्या वासात घडले. आमच्याच जिल्ह्यात देऊळगाव राजाजवळचे मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचे जन्मगाव मानतात. मंदिराच्या पायरीबाहेर उभे राहण्याची व्यथा ह्या मातीला नवी नाही. काकांना आम्ही यापोची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, पटली असे म्हटले नाही.

चर्मकाराने काम चार दिवसांत केले. प्रथम अस्तर खालून उघडले. बाजूची जुनी शिवण उसवून, दोन्हीकडे दोन-दोन बोटे चामडे आत घेतले. जास्तीचे चामडे तो कापून टाकील असा आमचा अंदाज होता, कारण दुमड जाड होते आणि कापणे सोपे असते. त्याने कापले नाही. रापीने कडा छिलून पातळ केल्या, सोल्युशन लावून आत चिकटवल्या, आणि त्यावर अस्तर पुन्हा शिवले. का, असे विचारले तेव्हा तो म्हणाला, 'कापलं तं गेलं, फादर. याले उद्या पोरगं होईन, ते अंगानं आडवं निघालं तं?' जुनी भोके राहतील, हेही त्याने सांगितले. त्यावर एक पट्टी बसवता येईल, तेव्हाचे तेव्हा. खांद्यांना मात्र त्याने हात लावला नाही. खांदा उसवला की कोट दुसराच होतो, असे त्याचे मत पडले. ते आम्हांसही पटले. खांदे थोडे उतरलेले राहिले आणि नातू तसेच घालून मेहकरला जातो.

पैसे नातू देणार होता. ते द्यायला काका स्वतः बाजारात गेले, असे नंतर कळले. तेथे ते किती वेळ बसले आणि काय बोलले हे आम्ही विचारले नाही. आपल्या चपलेचा तुटलेला अंगठा त्यांनी त्याच वेळी बसवून घेतला, एवढे नातवाने सांगितले.